टांगा मिळाला, हाकणारा मिळेना

१९२९ सालचा २३ ऑक्टोबर. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी आटोपून डॉ. भीमराव आंबेडकर चाळीसगावला परत आले. अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्टे समितीचे ते सभासद होते. खरे तर काम संपवून थेट मुंबई गाठण्याचा त्यांचा बेत होता. पण चाळीसगावच्या महारवाड्यातील मंडळींनी एक रात्र तरी मुक्काम करण्याचा आग्रह धरला आणि बाबासाहेबांना तो मोडवेना.

वस्ती स्टेशनापासून दोनेक मैलांवर, मध्ये नदी आणि तीवर पूल. स्टेशनाबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ उभे होते, तरी पाहुण्यांना बराच वेळ ताटकळावे लागले. अखेर एक टांगा आला. हाकणारा नवखा होता, हे थोड्याच अंतरात समोरून आलेल्या मोटारीला टांगा धडकता धडकता वाचला तेव्हा ध्यानात आले. पुढे पुलावर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडाला अडकले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

खरा प्रकार त्यांना नंतर कळला. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे स्टेशनवरच्या टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. टांगा भाड्याने न्या, हाकणारा मात्र तुमचा तुम्ही आणा, अशी तडजोड निघाली. पाहुण्याला पायी नेणे वस्तीला अपमानास्पद वाटले, म्हणून ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा त्यांच्यातलाच एकजण पुढे बसला. कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर, बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाचा सभासद असलेल्या माणसाची ही गत झाली.

हा प्रसंग अस्पृश्यतेचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. बाबासाहेबांच्या निवडणुकांचा इतिहास वाचताना मात्र तो वेगळ्या कारणाने पुन्हा आठवतो. मतदानाचा हक्क मिळाला, राखीव जागा मिळाल्या, पक्षही निघाला. पण मते पेटीपर्यंत नेणारे आणि तेथून विधिमंडळापर्यंत पोहोचवणारे वाहन हाकायचे कोणी, हा प्रश्न त्यांच्या सबंध राजकीय आयुष्याला पुरून उरला. दोन बलाढ्य पक्षांच्या बाहेर उभे राहणाऱ्या कोणालाही तो चुकलेला नाही.

अमेरिकेतला धडा

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले. आदल्याच वर्षी तेथे अध्यक्षपदाची एक नवलाची निवडणूक होऊन गेली होती. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाबाहेर पडून प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला आणि शेकडा सत्तावीस मते मिळवली. विद्यमान अध्यक्ष टाफ्ट त्यांच्याही मागे पडले. तरी ५३१ निर्वाचकांपैकी रूझवेल्टना ८८ च मिळाले आणि ४३५ निर्वाचक घेऊन वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. समाजवादी युजीन डेब्ज यांना नऊ लाख मते पडली, पण निर्वाचक एकही मिळाला नाही.

पुढेही हाच प्रकार घडत आला. १९९२ साली रॉस पेरो यांनी शेकडा एकोणीसच्या घरात मते घेतली आणि त्यांच्या पदरात शून्य निर्वाचक पडले. उलट १९६८ साली जॉर्ज वॉलेस यांनी त्यांच्याहून कमी मते घेऊनही ४६ निर्वाचक मिळवले, कारण त्यांची मते दक्षिणेतल्या मोजक्या राज्यांत एकवटली होती. ज्याला सर्वांत जास्त मते तो जिंकला, अशी रीत असली की मते किती यापेक्षा ती कुठे आहेत याला महत्त्व येते. पसरलेली मते वाया जातात.

आता आपल्या खानदेशाकडे पाहा. जळगावपासून धुळ्यापर्यंतच्या कोणत्याही जुन्या गावात वेशीबाहेर महारवाडा असे. प्रत्येक गावात थोडी घरे, आणि बहुमत मात्र एकाही गावात नाही. पसरलेल्या मतांचे याहून बोलके उदाहरण सापडायचे नाही. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघांचा हट्ट का धरला, याचे उत्तर या गावरचनेत आहे. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागांची संख्या वाढली, पण मतदारसंघ संयुक्त झाले. जागा अस्पृश्यांची असली तरी तिथे कोणी बसायचे, हे शेवटी सर्वांच्या मतांवर ठरू लागले.

चौदा जागांचा पक्ष

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. जातीचे नाव न घेता कष्टकऱ्यांचे नाव घेणारा हा पक्ष एकीकडे काँग्रेस आणि दुसरीकडे मुस्लिम लीग यांच्यामध्ये उभा राहिला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात त्याने सतरा उमेदवार उभे केले आणि चौदा निवडून आणले. त्यांतले तिघे सर्वसाधारण जागांवरचे होते. खुद्द बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसने नामांकित क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांना उभे केले होते. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. पूर्व खानदेशातून पक्षाचे दौलत गुलाजी जाधव निवडून आले. त्याच वर्षी ३१ जुलैला न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. आजही त्या तारखेला तेथे माणसांची रीघ लागते.

या यशामागे कार्यकर्त्यांच्या कष्टांबरोबर मतदानाची एक पद्धतही होती. मुंबई प्रांतात एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. संख्येने थोडे पण एकदिलाने मतदान करणारे लोक अशा पद्धतीत आपला माणूस निवडून आणू शकत. टांगा हाकण्यापुरता लगाम त्या एका निवडणुकीत त्यांच्या हाती होता.

परंतु १७५ जणांच्या सभागृहात चौदा जणांनी करायचे काय? खोतीपद्धती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले, पण ते मंजूर झाले नाही. १९३८ चे औद्योगिक तंट्यांचे विधेयक त्यांना कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला वाटले, म्हणून ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत मोठा संप घडवला. तरी कायदा झालाच. छोट्या पक्षाचा आवाज सभागृहात घुमतो, निकाल मात्र डोकी मोजून लागतो.

मते होती, जागा नव्हत्या

१९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. सत्तांतराच्या वाटाघाटींत मजुरांच्या पक्षाला कोणी विचारीत नव्हते, समाजांच्या प्रतिनिधींना विचारले जात होते. त्या वेळची ती गरज होती, पण तिची किंमतही मोठी होती. आता इतरांची मते मागायची कोणत्या नावाने? १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत देशभरातील १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनच्या वाट्याला दोनच आल्या. घटना समितीत जाण्यासाठी बाबासाहेबांना मुंबईत आधार उरला नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीने ती जागाही गेली, तेव्हा काँग्रेसनेच त्यांना १९४७ साली मुंबईतून पाठवले. देशाची राज्यघटना घडवणारा माणूस त्या सभागृहात आधी दुसऱ्या प्रांताच्या आणि मग प्रतिपक्षाच्या मतांवर बसला होता.

१९५१ च्या सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपद सोडले आणि थोड्याच महिन्यांत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला ते उभे राहिले. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. समाजवादी पक्षाशी समझोता करून बाबासाहेब आणि अशोक मेहता ही जोडी उभी राहिली. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या असत. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद. १९३७ ची मुभा आता उरली नव्हती.

बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७ मते घेऊन निवडून आले. अंतर साडेचौदा हजारांचे, आणि बाद झालेली मते सत्तर हजारांच्या वर! श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांनी मते कुजवण्याचा प्रचार केला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि मेहता दाद मागायला गेले, पण ती फेटाळली गेली. शेतकरी कामगार पक्षाची साथ मिळालेल्या सोलापुरात मात्र फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. जोडीदाराची मते खरोखर मिळाली की काय होते, हे तेथे दिसले.

भंडाऱ्याची कसोटी

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याला दोन जागांची पोटनिवडणूक झाली. पुन्हा बाबासाहेब आणि अशोक मेहता हीच जोडी उभी होती. मुंबईच्या अनुभवाने कार्यकर्ते पोळलेले होते. आपण दुसरे मत मेहतांना द्यायचे आणि त्यांची माणसे मात्र आपल्याला देणार नाहीत, मग ते दुसरे मत कुजवलेले काय वाईट, असा विचार त्यांच्यात बळावला. बाबासाहेबांनी तो साफ झिडकारला, असे त्या काळच्या कार्यकर्त्यांनी आठवणींत नमूद केले आहे. ज्या घटनेने प्रत्येकाला मताचा हक्क दिला, ती घडवणाऱ्यानेच मते फुकट घालवायला सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. पडलो तरी चालेल, पण दोन्ही मते नीट द्या, हा त्यांचा निरोप वस्त्यावस्त्यांत पोहोचला.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसच्या बोरकरांनी बाबासाहेबांना हरवले, अंतर आठ हजारांच्या आसपास. बाबासाहेबांच्या माणसांनी शब्द पाळला होता, पलीकडून तितकी मते आली नाहीत.

येथे व्यवहारी माणूस म्हणेल, बाबासाहेब चुकले. एका दृष्टीने ते खरेही आहे. कुजलेल्या मतांनी मेहता कदाचित पडले असते आणि जोडीदाराला धडा मिळाला असता. पण त्यातून बाबासाहेबांची जागा आली नसती, आणि विश्वास मात्र कायमचा गेला असता. ज्याची मते पसरलेली आहेत, त्याला दुसऱ्याच्या साथीवाचून गत्यंतर नसते. साथ टिकायची तर कोणीतरी आधी शब्द पाळावा लागतो, आणि पहिल्यांदा पाळणारा बहुधा नुकसान सोसतो. भंडाऱ्यात ते नुकसान बाबासाहेबांनी जाणूनबुजून पत्करले.

लोकसभेत निवडून जाणे त्यांच्या नशिबी आले नाही. ते राज्यसभेचे सभासद होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

काही महिन्यांतच, १९५७ साली, दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एकत्र आले, आणि दुसरी मते जागच्या जागी पडू लागली. शेजारच्या नाशकात फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून आले. त्या लाटेत पूर्व खानदेशाने नौशेर भरुचा या अपक्षाला दिल्लीला धाडले, तर धुळ्याने जनसंघाच्या उत्तमराव पाटलांना. ज्या मुलुखात बाबासाहेबांना टांगेवाला मिळाला नव्हता, तेथे काँग्रेसबाहेरच्या माणसांना लोकांनी स्वतःच्या खांद्यावरून नेले. हा चमत्कार नव्हता. भाषिक राज्याचा प्रश्न सर्वांचा होता, म्हणून मतेही सर्वांची मिळाली.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. सर्व कष्टकऱ्यांना सामावून घेणारा पक्ष ही बाबासाहेबांची अखेरच्या दिवसांतली कल्पना. १९६१ साली कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ संपले आणि मते कुजवण्याचा वादही मिटला. पण नवा पक्ष काही वर्षांतच फुटला, आणि इतरांची मते मिळवायची कशी हा जुना प्रश्न त्याच्या प्रत्येक तुकड्यापुढे पुन्हा उभा राहिला.

चाळीसगावच्या त्या रात्री वस्तीतल्या माणसाने लगाम हाती घेतला तो पाहुण्याच्या मानासाठी. हाकता येत नव्हते हा त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी कधी शिकूच दिले नव्हते. निवडणुकीतही आपले वाहन आपण हाकायला शिकावेच लागते, आणि रस्ता दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो. या दोहोंपैकी एकच साधलेल्यांची वाट पुलाच्या कठड्यापाशी संपते, हे बाबासाहेब स्वतःच्या पायाच्या हाडानिशी शिकले होते.