डॉ. जेम्स हेरिक : सिकलसेल आणि हृदयविकार ओळखणारे डॉक्टर

सिकलसेल असलेल्या रुग्णाला जिना चढताना धाप लागली, की रक्त कमी आहे म्हणून लागत असेल, अशी घरातल्यांची समजूत असते. बऱ्याचदा ती बरोबर असते, पण दर वेळी नाही. या संदर्भात अमेरिकेतील डॉ. जेम्स हेरिक यांचे आयुष्य जाणून घेण्यासारखे आहे.

हेरिक यांचा जन्म १८६१ मध्ये शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. सुरुवातीला ते शाळेत शिक्षक होते. १८८८ मध्ये ते शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले आणि पुढे तिथेच शिकवू लागले.

१९०४ च्या डिसेंबरमध्ये ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वीस वर्षांचा तरुण त्यांच्या रुग्णालयात दाखल झाला. त्याला खोकला आणि ताप होता, पायांवर जखमांचे व्रण होते. वर्षभरापासून धडधड आणि धापही होती, पण ती जास्त धूम्रपानामुळे असावी असे त्याला वाटत होते. इंटर्न डॉ. अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. हेरिक यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. दोन-अडीच वर्षे रुग्णावर लक्ष ठेवून १९१० मध्ये त्यांनी ही नोंद प्रसिद्ध केली आणि नेमके निदान करता येत नाही, हेही मान्य केले.

१९१२ मध्ये त्यांनी दुसरी महत्त्वाची गोष्ट मांडली. हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली की मृत्यू अटळ, असे तेव्हा मानले जाई. असा रुग्ण वाचू शकतो आणि जिवंतपणी त्याचे निदानही करता येते, हे हेरिक यांनी दाखवले. सुरुवातीला कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि पुढे ईसीजीचा आधार घेऊन तोच मुद्दा पटवून दिला.

सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असतो, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. हेरिक तेव्हा हयात होते. १९५४ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या आजारात हृदयावर ताण कसा येतो, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट होत गेले. लाल पेशी कमी असल्याने हृदयाला जास्त रक्त ढकलावे लागते आणि ते मोठे होऊ शकते. पेशी सतत फुटत राहिल्याने फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढू शकतो. अशा वेळी नेहमीच्या तपासण्या फसवू शकतात. या रुग्णांचे कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब बहुधा कमीच असतात. त्यामुळे इतरांसाठी नॉर्मल वाटणारा रक्तदाबही त्यांच्यासाठी वाढलेला असू शकतो. मधुमेहासाठीची एचबीए१सी तपासणीही त्यांच्यात भरवशाची नसते.

म्हणून धाप पूर्वीपेक्षा वाढली, पायांवर सूज आली किंवा चक्कर येऊ लागली, तर रक्त कमी आहे एवढ्यावर थांबू नका. टूडी इको आणि एनटी-प्रोबीएनपी या तपासण्यांची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.