वन्स मोअरची किंमत

टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणारी लावणी आपण फुकटात बघतो. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांनी तिच्यासाठी काय मोजलं, ते मात्र पडद्यावर दिसत नाही.

रविवारची दुपार असते. जेवण झालेलं, बाहेर आपलं बुलडाण्याचं ऊन, आणि रिमोट नेहमीप्रमाणे आजोबांच्या हातात. चॅनल फिरत फिरत सह्याद्रीवर थांबतं. लोकसंगीताचा कुठला तरी जुना कार्यक्रम पुन्हा लागलेला असतो. चित्र फिकट, आवाज थोडा खरखरीत. ढोलकीवर थाप पडते, हलगी कडाडते, तुणतुणं वाजू लागतं आणि मागे झील धरणारे फेटेवाले कानावर हात ठेवून सूर लावतात. तुम्ही मोबाइलमधून मान वर काढता. आधी जरा चेष्टेनेच बघता. पाचव्या मिनिटाला मात्र पाय आपोआप ठेका धरतो. खरं की नाही?

यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये १९२५ साली रेडिओवर सुरू झालेला 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री म्युझिकचा कार्यक्रम आजही चालू आहे. शेतावरच्या, गावाकडच्या माणसांची ती गाणी. त्यांचे जुने टीव्ही कार्यक्रम तिकडची मंडळी आजही चवीने बघतात. आपल्याकडे गावाकडचं असं संगीत शोधायचं तर तमाशाच्या फडात जावं लागतं. आणि फडात गेलं की एक नाव टाळताच येत नाही.

एका नावात अख्खी गोष्ट

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. फडाच्या बोर्डावर हे नाव असंच पूर्ण लिहिलेलं असायचं. जरा सावकाश वाचा. विठा म्हणजे विठ्ठलाच्या पंढरपुरात जुलै १९३५ मध्ये जन्मलेली मुलगी. भाऊ म्हणजे तिचे वडील. मांग ही जात, जी त्या काळी लपवायची सोयही नव्हती आणि या घराण्याने ती लपवलीही नाही, उलट बोर्डावरच लिहिली. आणि नारायणगाव हे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातलं गाव, जिथून हा फड महाराष्ट्रभर फिरला.

घरात तमाशा आजोबांपासून होता. आजोबा नारायण खुडे मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. त्यांनी फड उभा केला. पुढे त्यांची मुलं भाऊ आणि बापू यांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने गाजवला. छोटी विठा या फडातच वाढली. पाळण्यातून उतरल्यावर ज्या वयात आपण नर्सरीत जातो, त्या वयात तिच्या कानावर गण-गवळण पडत होती. फडातल्या मुलांना क्लास लावत नाहीत. मोठी माणसं रात्री जे करतात ते बघायचं, दिवसा त्याची नक्कल करायची, आणि एक दिवस कुणी तरी पायात चाळ बांधून स्टेजवर ढकललं की उभं राहायचं.

१९५७ साली विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं. वय किती असेल? एकवीस-बावीस. म्हणजे तुमच्यापैकी जे फायनल इयरला आहेत, त्यांच्याएवढ्या. दुसऱ्यांदा तो मान मिळाला १९९० मध्ये. या दोन पदकांच्या मध्ये तेहतीस वर्षांचा काळ आहे आणि हा सगळा काळ ट्रकमध्ये, तंबूत आणि स्टेजवर गेलेला आहे.

पडद्यावर दोघी, फडात एकटी

आता जरा टीव्हीकडे परत येऊ. लावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली लावणी येते. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' किंवा १९७२ चा 'पिंजरा' टीव्हीवर लागला नाही असं वर्ष जात नाही. सिनेमा सुंदरच आहेत, पण त्यात एक गंमत असते. पडद्यावर नाचते ती एक आणि गाते ती दुसरी. गाणारी स्टुडिओत माइकसमोर उभी राहून गाते, आवडलं नाही तर पुन्हा टेक घेते. नाचणारीला गाण्याच्या वेळी दम लागायचा प्रश्नच येत नाही.

फडात ही सोय नाही. विठाबाई स्वतः गायच्या आणि स्वतःच नाचायच्या, तेही एकाच वेळी. पायात चाळ, अंगावर नऊवारी, समोर उघड्या मैदानात बसलेला जत्रेतला जमाव. शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे. मध्येच कुणी शिट्टी मारली, काही बोललं, तर त्याला तिथल्या तिथे हजरजबाबी उत्तरही दिलं पाहिजे. एडिटिंग नाही, रीटेक नाही. जिममध्ये ट्रेडमिलवर पळता पळता एक अख्खं गाणं सुरात म्हणून बघा, म्हणजे थोडा अंदाज येईल.

आणि हे तीन मिनिटांचं काम नव्हतं. ढोलकीफडाचा तमाशा रात्रभर चालायचा. आधी गणपतीला वंदन म्हणजे गण. मग कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गवळणींची थट्टामस्करी म्हणजे गवळण. मग सोंगाड्याची बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाटकच. लावणीत शृंगार करणाऱ्या बाईला वगात राणी व्हायचं असे, नाही तर दुःखी आई. विठाबाई हे सगळं करायच्या. म्हणून त्यांना नुसतं नर्तकी म्हणणं अपुरं आहे. त्या गायिका होत्या, नर्तिका होत्या, अभिनेत्री होत्या आणि पुढे स्वतःच्या नावाच्या फडाच्या मालकीणही झाल्या.

मालकीण म्हणजे काय?

मालकीण म्हटलं की ऐश डोळ्यांसमोर येते. फडाचा हिशोब वेगळा असतो. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा संपल्या की आटोपतो. पावसाळ्यात काम नाही. पण पोटं बाराही महिने असतात. म्हणून हंगामाआधी कलाकारांना उचल द्यावी लागते, म्हणजे आगाऊ रक्कम. ढोलकीवाले, सोंगाडे, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळ्यांचा भार फडमालकावर. ही उचल बहुतेकदा व्याजाच्या पैशातून येते. हंगाम चांगला गेला तर कर्ज फिटतं. अवकाळी पाऊस आला, कुठे दंगा झाला, गावाने सुपारी मोडली, की ते अंगावर राहतं.

नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे येतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन आपल्या गावासाठी फड ठरवतात. कॉलेजच्या गॅदरिंगला तुम्ही डीजे ठरवताना करता, जवळपास तेच. फरक एवढाच की इथे पन्नास-शंभर घरांची चूल त्या एका बोलणीवर पेटायची असते.

या धंद्यात एका बाईने, तेही मांग समाजातल्या बाईने, स्वतःचा फड चालवायचा म्हणजे काय, याचा विचार करा. रात्री गावच्या पाटलापासून गड्यापर्यंत सगळे तिच्या लावणीवर जीव टाकायचे. सकाळी त्याच गावात तिच्याकडे बघण्याची नजर वेगळी असायची. कला हवी, कलावंतीण घराच्या उंबऱ्याबाहेर बरी, असा हा व्यवहार. तो बदलायला फार वेळ लागला, आणि पूर्ण बदललाय असं आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्या रात्री

विठाबाईंची एक गोष्ट महाराष्ट्रात सगळीकडे सांगितली जाते. त्यांचे दिवस भरले होते, तरी त्या स्टेजवर उभ्या होत्या. फडाची मुख्य कलावंत तीच, लोक तिच्यासाठी आलेले, सुपारी घेतलेली. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या. बाहेर सोंगाड्यांनी प्रेक्षकांना धरून ठेवलं. आत, तंबूच्या आडोशाला, बाळ जन्माला आलं. नाळ दगडाने ठेचून तोडली. आणि पदर खोचून विठाबाई पुन्हा स्टेजवर आल्या. पोट सपाट झालेलं पाहून लोकांच्या लक्षात आलं काय घडलं ते. त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट आपण सहसा कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतो. ऐकताना अंगावर काटा येतो, डोळे पाणावतात, आणि रील असेल तर लाइक पडतो. निष्ठा त्यात होतीच. पण तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघा. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री सुट्टी का घेता आली नाही? कारण सुट्टी घेतली तर सुपारी बुडते, उचल फिटत नाही, माणसं उपाशी राहतात. बाळंतपणाची रजा, विमा, पगार हे शब्द फडाच्या कनातीच्या आत आलेलेच नव्हते. त्यांच्या धैर्याचं कौतुक करताना त्यांच्यावर ती वेळ का आली, हे विचारायचं राहून जातं.

पदकं दोन, बिल मात्र

तमाशाच्या प्रेक्षकांमध्ये वन्स मोअरची एक रीत आहे. लावणी आवडली की तोंडाने नुसतं वन्स मोअर म्हणायचं नाही. खिशात हात घालायचा, नोट पुढे करायची. याला दौलतजादा म्हणतात. पुन्हा ऐकायचंय ना, मग त्याचे पैसे टाका. रीत रांगडी आहे, तिच्यातून कलावंतिणींना त्रासही पुष्कळ झाला. पण एक गोष्ट तिच्यात साफ होती. पुन्हा गायला पुन्हा श्रम लागतात, आणि श्रमाला दाम असतो.

विठाबाईंचं वय झालं, शरीर थकलं आणि दाम थांबला. राष्ट्रपतींच्या हातचा मान दोनदा मिळवलेल्या या बाईचे शेवटचे दिवस आर्थिक ओढाताणीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांना मदत गोळा करावी लागली. पुढे राज्य सरकारने त्यांच्याच नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. योगीराज बागूल यांनी 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' हे चरित्र लिहिलं, ते कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर नक्की काढा. त्यांच्या मुलींनीही तमाशाच धरला. मंगला बनसोडे यांचं नाव तर तुम्ही जत्रेच्या पोस्टरवर वाचलं असेल.

टीव्हीने काय दिलं, काय नाही

रिपीट लागणाऱ्या कार्यक्रमांना नावं ठेवायची नाहीत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि लोककलावंतांना एक नवं अंगण मिळालं. आजीला विचारून बघा. घरंदाज बाईने तमाशाच्या तंबूत जायचं नाही, असा दंडक होता. गावात फड यायचा, रात्रभर ढोलकी घरात ऐकू यायची, पण बघायला जायचे ते पुरुष. टीव्ही आला तेव्हा ढोलकी माजघरात आली. आजीने लावणी पहिल्यांदा पाहिली ती बहुधा पडद्यावर. हे छोटं काम नाही.

पण पडद्यावरचा वन्स मोअर फुकट असतो, आणि तिथेच गफलत होते. २०२० चा मार्च आठवतो ना? तुम्ही शाळेत होता. लॉकडाऊन लागला आणि दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झालं. सगळं घर एकत्र बसून जुनं टीव्ही बघू लागलं. नेमक्या त्याच दिवसांत पाडवा आला, चैत्रातल्या जत्रा तोंडावर आल्या, आणि सगळ्या रद्द झाल्या. म्हणजे ज्या दीड-दोन महिन्यांत फड वर्षाची कमाई करतो, तेच गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आपण घरात बसून जुन्या कार्यक्रमांना दाद देत होतो, तेव्हा तीच कला जगणारी जिवंत माणसं रिकाम्या तंबूंशेजारी बसून होती. विठाबाईंच्या बिलाची गोष्ट २००२ मध्ये संपली, असं म्हणायची सोय त्या वर्षाने ठेवली नाही.

तर पुढच्या रविवारी सह्याद्रीवर ढोलकी वाजली, तर चॅनल बदलू नका. नाचणारीच गातेय का, तिचा श्वास कुठे आखूड होतो आणि ती तो कसा लपवते, मागचे झीलकरी तिला विसावा द्यायला नेमका कुठे सूर उचलतात, हे बघा. दूरदर्शनच्या जुन्या चित्रफिती यूट्यूबवरही सापडतात. आजोबा शेजारी असतील तर त्यांनी कोणत्या गावच्या जत्रेत कोणता फड पाहिला ते विचारा. एक प्रश्न विचारून तासभराची गोष्ट मिळेल.

आणि यंदा जवळपासच्या एखाद्या जत्रेत फड आला, तर मित्र-मैत्रिणींना घेऊन जा. मुलींनीही जा. तिकीट काढून बसा. फुकट पास मागू नका, अर्धा खेळ मोबाइलवर शूट करत बसू नका. लावणी आवडली तर वन्स मोअर जरूर म्हणा. फक्त म्हणताना लक्षात असू द्या, की समोर रेकॉर्डिंग नाही, माणूस आहे, आणि पुन्हा गायचं म्हणजे तिला पुन्हा श्वास भरून घ्यावा लागणार आहे.