ताराबाई मोडक : अंगणात आलेले बालमानसशास्त्र

महाड-पोलादपूरच्या डोंगरातली एखादी वाडी घ्या किंवा वीर स्थानकाच्या आसपासचे गाव घ्या. दवाखाना लांब असला तरी अंगणवाडी जवळ असते. तिथली खिचडी आणि वजनकाटा सगळ्यांना दिसतो. पण बडबडगीते, चिंचोके मोजण्याचा खेळ, रडणाऱ्या मुलाला न दटावता आधी जवळ घेण्याची रीत, यांच्यामागेही एक शास्त्र आहे, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. हे शास्त्र मराठी मुलखातल्या खेड्यांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय ताराबाई मोडक यांना जाते.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म मुंबईत, १९ एप्रिल १८९२ रोजी. घर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी आपल्याकडे मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या पोटात शिकवले जाई. कलकत्ता विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग निघाला तोच मुळी १९१६ मध्ये. लहान मुलाच्या मनाचा अभ्यास शिकवणारे महाविद्यालय शोधून सापडले नसते.

अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले, पण ते टिकले नाही. १९२१ मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला. शंभर वर्षांपूर्वी एका सुशिक्षित ब्राह्मण घरातल्या बाईने हे पाऊल उचलणे म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची नोकरी. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे दाखल झाल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा वाढवताना त्यांनी डॉ. मारिया माँटेसरी यांची पुस्तके वाचली आणि वकिली सोडून बालमंदिर काढले. माँटेसरी स्वतः डॉक्टर. रोममध्ये मतिमंद ठरवलेल्या मुलांबरोबर काम करताना, हाताला काम मिळाले की बुद्धी जागी होते असे त्यांना दिसले. मग १९०७ मध्ये त्यांनी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलावर आधी शिकवण लादायची नाही, आधी त्याच्याकडे नीट बघायचे, ही त्यांची पद्धत. वैद्यकातही रुग्णाला हात लावण्याआधी निरीक्षणच शिकवतात, तेव्हा ही पद्धत एका डॉक्टरला सुचली यात नवल नाही.

ताराबाईंचे खरे मानसशास्त्र शिकणे भावनगरच्या बालमंदिरात झाले. तीन वर्षांचे मूल एकच डबी वीस वेळा उघडते-मिटते ते हट्ट म्हणून नव्हे, तर एकाग्रतेचा तो त्याचा अभ्यास असतो. मार आणि बक्षीस, दोन्ही मुलाचे लक्ष कामावरून उडवून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे वळवतात. आज मेंदूविज्ञान सांगते की सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे ९० टक्के झालेले असते आणि सततची भीती या वाढत्या मेंदूला अपाय करते. ताराबाईंपुढे मेंदूचे स्कॅन नव्हते, मुले होती.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिकेच्या कामात ताराबाई बुडून गेल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. ते चांगले चालले, शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. पण येणारी मुले शहरी, बऱ्या परिस्थितीतली. माँटेसरीची साधने महाग, आणि ज्या मुलांना या साऱ्याची सर्वांत जास्त गरज होती ती शंभर कोसांवर. हे त्यांना खुपत होते.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावात गेल्या. सोबतीला अनुताई वाघ. बालविधवा, प्राथमिक शिक्षिका, आणि पुढची सारी वर्षे ताराबाईंच्या सहकारी. बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतली मुले येईनात. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड होते आणि आईबाप कामावर. मग बालवाडीच वस्तीत, घराच्या अंगणात नेली. आधी मुलांना अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली. आकार, वजन, रंग, संख्या सगळे त्यातून शिकता येते. हा बदल वरवर पैसे वाचवण्याचा वाटतो, पण तो शास्त्राला धरून होता: मुलाच्या हाताला ओळखीची वस्तू असली की ते निर्धास्त होते.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली: गुरे जिथे चरतात तिथेच शाळा. फारशा न शिकलेल्या बायकांनाही त्यांनी बालशिक्षणाचे काम शिकवले. मुलाचे मन ओळखायला पदवी लागते असे त्यांनी कधी मानले नाही. आजची अंगणवाडी प्रशिक्षणे मात्र नोंदवह्या भरण्यात इतकी गुंततात की मुलाशी कसे बोलावे याला वेळ उरत नाही.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि अनुताईंनी काम पुढे चालू ठेवले. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी शब्द झाला. रायगडातल्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबे आजही दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लहान मुले त्यांच्याबरोबर जातात, अंगणवाडी वाडीतच राहते.