मारी ड्रेसलर

कॅनडा देशाच्या ओंटॅरिओ प्रांतातील कोबर्ग या गावी ९ नोव्हेंबर १८६८ रोजी एका संगीतशिक्षकाच्या घरी मारीचा जन्म झाला. तिचे मूळचे आडनाव कोर्बर. थोराड बांधा आणि ओबडधोबड चेहरा, असे तिचे रूप होते. नटीचा व्यवसाय करण्यास ते मुळीच अनुकूल नव्हते. तरीही वयाच्या चौदाव्या वर्षी ती एका फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाली. मुलीने नाटकात घराण्याचे नाव लावणे वडिलांना रुचले नाही. तेव्हा नात्यातील एका स्त्रीचे नाव तिने धारण केले.

लोक ज्या रूपाला हसत, त्या रूपाचेच तिने भांडवल केले. धडपडावे, तोंडे वेडीवाकडी करावी आणि प्रेक्षकांना पोट धरून हसवावे, यात तिचा हात धरणारे थोडेच होते. १९१४ साली ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या मूकपटात ती नायिका झाली. विनोदी मूकपट त्या काळी एक-दोन रिळांचे असत. हा सहा रिळांचा होता. त्यात चार्ली चॅप्लिनही होता. परंतु चित्रपट होता तो मारीचा.

१९१९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या नटनटींनी संप पुकारला. समूहात नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींची स्थिती तेव्हा फार हलाखीची होती. तालमी आठवडेच्या आठवडे चालत, पण त्यांचा एक पैसाही मिळत नसे. पायांतील बूट-मोजेसुद्धा त्यांनी पदरमोड करून आणावयाचे! मारीबाईंना कीर्ती आणि पैसा केव्हाच मिळाला होता. या भांडणात पडण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. परंतु एके काळी आठवड्याला ८ डॉलर घेऊन त्याही अशाच समूहात उभ्या राहिल्या होत्या. त्या या मुलींच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. महिनाभर नाट्यगृहे ओस पडली आणि अखेर मालकांना नमते घ्यावे लागले.

पुढील काही वर्षांत मारीबाईंना कामे मिळेनाशी झाली. वय झाले होते, लोकांची आवडही पालटली होती. आणि मालकांच्या मनातील राग काही सहजी जाणारा नव्हता. अशा वेळी पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन धावून आली. ती होतकरू वार्ताहर असताना मारीबाईंनी तिला आपुलकीने वागविले होते. १९२७ साली तिने खास त्यांच्यासाठी चित्रकथा लिहिली.

बोलपट आले आणि साठी उलटलेल्या या बाईंचे भाग्य उजळले. ‘मिन अँड बिल’ (१९३०) मध्ये त्यांनी बंदरावरील खाणावळवाली रंगविली. टाकून दिलेल्या एका मुलीला ती वाढवते आणि तिच्या सुखासाठी शेवटी स्वतःचा घात करून घेते. हसता हसता प्रेक्षकांचे डोळे पाणावले. या भूमिकेला उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९३२ व १९३३ या दोन्ही वर्षी चित्रपटगृहांना सर्वांत अधिक उत्पन्न मिळवून देणाऱ्या कलावंतांत त्यांचा पहिला क्रमांक लागला. देखण्या, तरुण तारकांच्या त्या नगरीत हे घडले!

परंतु कर्करोगाने त्यांना गाठले होते. २८ जुलै १९३४ रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बारा येथे त्यांचा अंत झाला. वीस वर्षे आपली सेवा करणाऱ्या दासीला त्यांनी मृत्युपत्राने ३५,००० डॉलर ठेवले होते.