आल्फ्रेड नोबेल : स्फोटानंतर मागे काय उरतं?

वाघोली परिसर दगडखाणींसाठी ओळखला जातो. खाणीत सुरुंग उडाला की दणका बसतो, धूळ उठते आणि थोड्या वेळाने सगळं शांत होतं. स्फोट संपला असं आपल्याला वाटतं. पण स्फोटकाचा थोडा अंश मातीत मागे राहतो. हे नीट समजून घेण्यासाठी आज आल्फ्रेड नोबेल यांचं चरित्र पाहूया.

नोबेल यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1833 रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम इथे झाला. वडील इमॅन्युएल हे अभियंते होते. धंद्यात दिवाळं निघाल्यावर ते रशियाला गेले आणि 1842 मध्ये सगळं कुटुंब सेंट पीटर्सबर्गला राहायला गेलं. तिथे वडील रशियन सैन्यासाठी समुद्री सुरुंग बनवत. आल्फ्रेड यांचं शिक्षण घरीच झालं. सतराव्या वर्षापर्यंत त्यांना पाच भाषा येत होत्या, रसायनशास्त्राची तर विशेष गोडी होती.

त्या काळी नायट्रोग्लिसरीन हा द्रव नवा होता. इटलीच्या सोब्रेरो यांनी 1847 च्या सुमारास तो तयार केला होता. ताकद प्रचंड, पण जरासा धक्का बसला तरी फुटायचा. 1864 मध्ये स्टॉकहोममधल्या कारखान्यात स्फोट झाला आणि नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही जण मरण पावले. नोबेल खचले नाहीत. हा द्रव सच्छिद्र मातीत जिरवला तर तो सांभाळून हाताळता येतो, हे त्यांनी शोधलं. 1867 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि डायनामाइट जगासमोर आलं. रेल्वे, बोगदे, खाणी यांची अवघड कामं त्यामुळे सोपी झाली.

पुढे 1887 मध्ये त्यांनी नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज मिसळून बॅलिस्टाइट ही कमी धूर करणारी दारू बनवली. ती इटलीला विकल्यामुळे फ्रान्समध्ये त्यांच्यावर रोष ओढवला. 1891 मध्ये पॅरिस सोडून ते इटलीतल्या सान रेमोला गेले.

आता आजच्या विषयाकडे येऊ. तोफा आणि रणगाड्यांच्या दारूत आजही अनेकदा हीच दोन द्रव्यं असतात. गोळा सुटतो तेव्हा सगळी दारू जळत नाही. न जळलेले कण तोफेसमोरच्या जमिनीवर पडतात आणि त्यांतलं नायट्रोग्लिसरीन मातीत टिकून राहतं. गोळा जिथे पडतो तिथे टीएनटी आणि आरडीएक्स यांचे अंश उरतात. गोळा अर्धवट फुटला तर हे प्रमाण खूपच वाढतं. आरडीएक्स मातीला फारसं चिकटत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं. अमेरिकेत केप कॉड इथल्या लष्करी तळाखालच्या भूजलात असं प्रदूषण आढळलं. त्याच पाण्यावर आसपासची गावं अवलंबून होती. म्हणून 1997 मध्ये तिथला गोळीबाराचा सराव थांबवावा लागला.

आपल्या वाघोलीवरून जाणारा नगर रस्ता अहिल्यानगरला पोहोचतो. त्या शहराजवळ खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखली जाणारी के. के. रेंज आहे. तिथे रणगाडे आणि तोफांचा सराव चालतो. न फुटलेले गोळे भंगारासाठी हाताळताना तिथल्या गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. सरावाशिवाय सैन्य तयार होत नाही, हे खरंच. पण सराव झाल्यावर जमीन साफ करणं आणि आसपासच्या विहिरींचं पाणी तपासणं हाही देशरक्षणाचाच भाग आहे.

खाणींनाही हेच लागू पडतं. आज ब्लास्टिंगसाठी बहुतेक ठिकाणी अमोनियम नायट्रेटची स्फोटकं वापरतात. न फुटलेला भाग पाण्यात सहज विरघळतो. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरू शकतं. ते खतांतून आणि सांडपाण्यातूनही येतं, म्हणून नुसता अंदाज न करता पाणी तपासून घ्यावं.

उतारवयात नोबेल यांना हृदयविकार जडला. डॉक्टरांनी औषध म्हणून सुचवलं ते नायट्रोग्लिसरीनच! 27 नोव्हेंबर 1895 रोजी त्यांनी मृत्युपत्रावर सही केली आणि बहुतेक संपत्ती पुरस्कारांसाठी ठेवली. 10 डिसेंबर 1896 रोजी त्यांचं निधन झालं. 1901 पासून नोबेल पुरस्कार दिले जाऊ लागले.

स्फोटक हाताळणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून नोबेल यांनी आयुष्य वेचलं. स्फोटानंतरची माती आणि पाणी सांभाळण्याचं काम मात्र बाकी राहिलं. मुलांनो, ते आता आपल्या पिढ्यांना करायचं आहे.