संत नामदेव
संत नामदेव (इ.स. १२७० – इ.स. १३५०) हे वारकरी संप्रदायातील संतकवी होत. हिंगोली जिल्ह्यातील नरसी बामणी, आताचे नरसी नामदेव, हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. काही अभ्यासक पंढरपूर सांगतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. विठ्ठलाशी सलगी असूनही संतमेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. तो बोल जिव्हारी लागला आणि औंढा नागनाथ येथे त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले.

ज्ञानेश्वरांचे चरित्र त्यांनी ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या प्रकरणांत अभंगबद्ध केले. मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखामेळा गाडले गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणून महाद्वारापाशी समाधी दिली, असे परंपरा सांगते. ज्यांना हयातीत देवळात पाऊल टाकू दिले गेले नाही, त्यांचा हा सन्मान त्या काळी सोपा नव्हता.

पुढे ते पंजाबात गेले. घुमान येथे त्यांचे स्मारक असून गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पंढरपूरच्या महाद्वारातील ‘नामदेव पायरी’ हे त्यांचे समाधिस्थान मानतात. चोखोबांची समाधी तिच्या समोरच आहे.