ब्रिजलाल बियाणी आणि वऱ्हाडची तिजोरी

अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणींना (१८९६–१९६८) लोक विदर्भकेसरी म्हणत. ते मारवाडी घराण्यातले आणि हिंदीचे लेखक. तरी मराठी वऱ्हाडने त्यांचे नेतृत्व मानले. त्यांचा प्रांतवाद भाषेवर उभा नव्हता, हे यावरूनच उघड होते. त्याचे मूळ तिजोरीत होते. १९०३ मध्ये वऱ्हाड प्रांत मध्यप्रांताला जोडला गेला आणि कापसाच्या या मुलखाचा महसूल इतरत्र खर्च होतो, ही तक्रार अमरावती-अकोल्याच्या सार्वजनिक जीवनात कायमची रुजली.

घटना समितीचे सदस्य असतानाच बियाणींनी ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारावर सही केली. संयुक्त महाराष्ट्र व्हावा, पण त्यात महाविदर्भ हा उपप्रांत असावा आणि त्याला स्वतःचे विधिमंडळ व मंत्रिमंडळ असावे, अशी ती योजना होती. संघराज्याचे तत्त्व प्रांताच्या राजधानीपाशी न थांबता खाली उतरावे, असाच तिचा अर्थ. राज्यघटनेत तिला जागा मिळाली नाही. पुढे जुन्या मध्यप्रदेशात बियाणी अर्थमंत्री झाले. ज्या तिजोरीविषयी तक्रार, तिच्याच किल्ल्या हाती आल्या. तरीही स्वतंत्र विदर्भाचा आग्रह सुटला नाही. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही.

त्याऐवजी मिळाले ते कलम ३७१(२). त्याखालील विकास मंडळे यायला १९९४ उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. न्याय्य निधिवाटपाची विशेष जबाबदारी या कलमाने राज्यपालांवर, म्हणजे केंद्राने नेमलेल्या व्यक्तीवर, टाकता येते. निवडलेल्या विधिमंडळाची ही भरपाई बियाणींना तोकडी वाटली असती.

२०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या परिषदेत राज्ये आपल्या अधिकारांसाठी भांडत आहेत. बियाणींनी बहुधा त्यांचीच बाजू घेतली असती; मात्र मुंबईने दिल्लीकडे जे मागावे, तेच अमरावतीने मुंबईकडे मागितले तर कोठे बिघडते, असेही विचारले असते. अर्थात त्यांचे गणित आता उलटले आहे. राज्याच्या कराचा मोठा वाटा आज मुंबई-पुणे पट्ट्यातून येतो, आणि शिलकीचा वऱ्हाड हा युक्तिवाद टिकत नाही. पण सिंचनाचा पैसा प्रथम कोठे जावा हे कोणी ठरवायचे, हा अकोला करारातला प्रश्न शिलकीवर अवलंबून नव्हता.